ओला सांधा

सुदर्शन घरात शिरला आणि दारातच थबकला. हॉलमधल्या माशाच्या टाकीत पाणी होतं. कालच तिची तडकलेली काच काढून नवी चिकटवली होती, दोन दिवस थेंबही लावायचा नाही म्हणून त्यानं घरात ज्याला त्याला बजावलं होतं, आणि आता खिडकीतून आलेला हिरवा पाइप थेट त्या टाकीत सोडलेला होता. त्याची आई सिंधुबाई काठाला हात लावून पाणी कुठवर आलं ते बघत उभी होती.

"माय, हे काय करायलीस?"

"नळ आलाय," सिंधुबाई म्हणाली. लातुरात आठ-दहा दिवसांनी नळ आला की आणखी काही सांगावं लागत नाही. "घागरी भरल्या, पातेली भरली, कुकर बी भरला. डरमात तर तुझा मासा बसलाय. मंग पाणी काय डोळ्यादेखत जाऊ देऊ? टाकी पुसून घेतली की फडक्यानं."

बोलण्यात अर्थ नव्हता. सुदर्शननं पाइप ओढून खिडकीबाहेर फेकला. "वाया चाललं की रे," म्हणत ती गुडघेदुखी विसरून नळ बंद करायला धावली. बायको तनुजा गच्चीवर, वरची टाकी भरली का बघायला. माणसांनी भरलेल्या घरात एकाला अक्कल असू नये, असं तो मोठ्यानं म्हणाला, पण ऐकायला कोणी नव्हतं.

खाली वाकून त्यानं नव्या काचेच्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्यानं काच बसवून देणाऱ्या हारिसला फोन लावला.

"भाऊ, थेंब नको म्हणलो होतो ना," हारिस म्हणाला. "अब्बी के अब्बी खाली करा. सिलिकॉन कच्चं हाय, पाण्याच्या जोरानं काच सुटंल. सुटली तर पुन्हा नवी आणा, चिकटवा, वाळवा. तेवढे दिवस तुमचा मासा डरमात काढत नसतो."

ते सुदर्शनलाही दिसत होतं. बोटाएवढा आणलेला तो ऑस्कर जातीचा मासा आता वीतभर झाला होता. पैलवान म्हणत त्याला. सुदर्शन कामावरून आला की पैलवान आतून काचेला तोंड लावून थांबायचा. मागच्या अंगणातल्या निळ्या डरमात त्याला नीट वळताही येत नव्हतं, आणि सकाळपासून त्यानं दाण्याला तोंड लावलं नव्हतं.

टाकी उपसायला बादली पाहिजे, तर सगळ्या बादल्या काठोकाठ भरलेल्या. त्यानं त्यातलीच एक उचलली आणि ओतायला मोरीकडे निघाला. सिंधुबाई आडवी आली.

"भरलेली हाय ती."

"रिकामी करायलाच नेतोय. माय, सर."

"न्हाई सरत."

त्यानं सांगून पाहिलं. काच, सांधा, मासा, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मासा मला बी दिसतोय," ती म्हणाली. "जीवच हाय तो. पण नळाचं पाणी नालीत सोडायचं? दुसऱ्या कुणाला तरी दे."

"कुणाला देऊ? शेजारी बानोचाचीनं चहाची भगुणी सुद्धा भरून ठेवलीत. आज गल्लीत रिकामं भांडं आहे का कुणाकडं? मग कुठं ओतू? तूच सांग, कुठं ओतू?"

आवाज इतका चढला की तनुजा जिन्यावरून उतरता उतरता मधेच थांबली.

आता सिंधुबाईचंही डोकं सटकलं. ती तरातरा मागच्या अंगणात गेली आणि धुण्याच्या दगडावर फतकल मारून बसली.

"वत हितं. माझ्या डोक्यावर वत. फेकायचंच हाय न्हवं?"

सुदर्शनचीही हद्द झाली होती. तो मागोमाग गेला आणि त्यानं हातातली बादली तिच्या डोक्यावर उपडी केली.

पाणी तिच्या डोक्यावरून, पदरावरून खाली आलं आणि फरशीवर पसरलं. तनुजाच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं. आपण रागाच्या भरात आईच्या अंगावर बादली ओतली, हे सुदर्शनला बादली रिकामी झाल्यावर कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिंधुबाई तशीच बसून राहिली. तोंडावरचं पाणी तिनं तळहातानं निपटलं. मग हात मागे नेऊन अंबाडा सोडला.

"तनुजा," ती म्हणाली, "शिकेकाई हाय का गं घरात?"

तनुजा लगबगीनं आत गेली. सुदर्शनच्या हातात आता रिकामी बादली होती. तो टाकीकडे गेला, बादली बुडवली, भरून आणली आणि बेतानं, धार धरून आईच्या डोक्यावर ओतली. दुसरी आणली, तिसरी आणली. ती मान खाली घालून दोन्ही हातांनी केस चोळत होती. तनुजा पाठ घासून देत होती.

"केसाच्या बुडाला पाणी लागलं आज," सिंधुबाई म्हणाली. "हितं तर न्हाईच, गावाकडं बी कधी एवढं घेतलं न्हाई. पोरं न्हाली, माणसं न्हाली की बादलीत काय राहायचं."

सुदर्शन परत येऊन टाकीपुढे बसला. पाणी चार बोटं उरलं होतं. त्यानं कोरड्या फडक्यानं सांधा पुसला आणि डोळे लावून बघत राहिला. काच जागची हलली नव्हती. नवा थेंबही येत नव्हता. एवढ्याशा पाण्याचा काही जोर नव्हता, ते राहिलं असतं तरी चाललं असतं. त्यानं भिंतीला पाठ टेकली.

अंगणातून हाक आली.

"सुदर्शन, सरलं का रं पाणी?"

"न्हाई माय. हाय अजून."

"मंग थांबलास कामून?"