खरं फायनल

"गेलं?" ड्रमरने विचारलं.

"गेलं," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"सगळं?"

"तुझे ड्रम्स आहेत."

"मग ठीक आहे," ड्रमर म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

गेला होता तो बुवाचा आवाज. आठच्या आठ गाण्यांचा. लांब केसांमुळे सगळे त्याला बुवा म्हणत. एरवी तो बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बँडमध्ये रॉक गात होता. पोस्टरवर त्याचं नाव कायम तळाला, जनरेटरवाल्याच्याही खाली. हा त्याचा स्वतःचा पहिला अल्बम. वाजवायला सगळे जुने दोस्त होते. ड्रमर पेशाने दातांचा डॉक्टर. बुवासाठी त्याने तीन पेशंटांच्या अक्कलदाढा पुढे ढकलल्या होत्या.

कामाची पद्धत नेहमीचीच होती. आधी बुवाने स्टुलावर बसून, एका हातात चहा धरून, गाणी कच्ची गाऊन दिली. त्यावर बाकीच्यांनी वाजवलं. सगळ्यांचं झाल्यावर पक्का आवाज घ्यायचा आणि कच्चा टाकून द्यायचा.

पक्क्याच्या वेळी बुवाने गायच्या खोलीच्या काचेला आतून चादर लावली.

"कुणी बघितलं की गळा धरतो माझा," तो म्हणाला.

"मग बावीस वर्षं स्टेजवर काय करत होतास?"

"डोळे मिटून घ्यायचो."

आत सोबत त्याचा धाकटा भाऊ. हा पाण्याच्या टाक्या साफ करायचा. "मधे मधे पाणी द्यायला लागतो मला," बुवा म्हणाला. रेकॉर्डिस्टला ते भावाच्या धंद्याला धरूनच वाटलं.

घोटाळा नावांत झाला. कच्च्या फायलींना रेकॉर्डिस्टने नाव दिलं होतं 'खरं फायनल नव्हे'. पक्क्यांना नुसतं 'फायनल'. स्क्रीनवर लांब नावांची शेपटी दिसत नसे. डिस्क भरली तेव्हा त्याने फार काळजीपूर्वक 'खरं फायनल' ठेवलं आणि 'फायनल' उडवलं.

"सांगून टाक. गाईल परत," ड्रमर म्हणाला.

"चार दिवस चादरीमागे होता. बाहेर आला तेव्हा तोंड बघवत नव्हतं. म्हणाला, मित्रा, हे पुन्हा करायला सांगू नकोस."

"मग?"

"कच्चं आहे ना."

"त्यात तो चहाचा भुरका मारतो."

"तिसऱ्या गाण्यात फक्त. तिथे तुझी झांज मोठी करतो."

"म्हणजे आता मीही यात आलो," ड्रमर म्हणाला.

अकरा दिवस रेकॉर्डिस्ट त्या कच्च्या आवाजावर काम करत बसला. घरी बायको काही बोलली की "हो, चूक माझीच" म्हणायचा. तिने फक्त मीठ मागितलेलं असायचं. ऐकता ऐकता त्याला वाटायला लागलं की हे वाईट नाही. पक्क्यात सफाई होती. इथे बुवा नुसता गात होता. पण मग वाटायचं, केलेलं पाप आपल्याला गोड लागतंय, दुसरं काय.

रविवारी दुपारी सगळे ऐकायला जमले. बुवा, ड्रमर, बेस वाजवणारी मैत्रीण. धाकटा भाऊ एका टाकीत होता, त्यामुळे येऊ शकला नाही.

आठ गाणी वाजली. तिसऱ्यात झांज जरा जास्तच वाजली. ड्रमरने खाली बघितलं. शेवटच्या गाण्यात बेसवालीने रुमाल काढला आणि नाक शिंकरायचं निमित्त केलं. बुवा मान खाली घालून बसला होता. गाणं संपलं तरी त्याने मान वर केली नाही.

रेकॉर्डिस्टला हे सहन होईना. तो उभा राहिला.

"बुवा, एक सांगायचंय. हा जो आवाज आहे ना..."

बुवाचा चेहरा पांढरा पडला.

"तुला कळलं?"

"मला?"

"मला वाटलंच होतं, तुझा कान आहे. तुझ्यापासून लपायचं नाही."

रेकॉर्डिस्ट खाली बसला.

"रागावू नका रे," बुवा म्हणाला. "तुम्ही सगळे कामं टाकून आलात. एवढं जीव तोडून वाजवलंत. त्यावर माझा आवाज घालायची मला लाज वाटली. मला बावीस वर्षांत कुणी बरं म्हटलं नाही, ते काय उगाच? धाकट्याचा आवाज अगदी माझ्यासारखा, फक्त चांगला. टाक्यांत गाऊन गाऊन तयार झालाय. चादरीमागे तो गायला. मी बाटली धरून उभा होतो."

ड्रमरने रेकॉर्डिस्टकडे बघितलं. रेकॉर्डिस्टने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

बुवाने स्पीकरकडे मान हलवली.

"चुकलं माझं. पण आज ऐकलं आणि वाटलं, झालं ते बरंच झालं. असं मला जन्मात गाता आलं नसतं."