पिवळ्या झाकणाचा डबा

नाताळच्या सकाळी साडेनऊला पाळकांनी चर्चमध्ये विचारलं, "कुणाला उपकारस्तुती करायची आहे?" लगेच हात वर झाले. एकाने नव्या गाडीसाठी देवाचे आभार मानले, तिच्या रंगासकट. दुसरीने जावयाच्या कॅनडासाठी. मागच्या बाकावर सालोमीबाईंनी नाक मुरडलं. देव जणू यांच्याच घरचा गडी!

जूनमध्ये नवरा गेल्यापासून त्या आज पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. "आभार? कशाचे?" असं म्हणून त्यांनी पाळकांनाही दारातूनच परत पाठवलं होतं.

"वहिनी, तुम्ही बोला की," शेजारच्या रूथबाईंनी डिवचलं.

सालोमीबाई ताडकन उठल्या. "दुःखाच्या घरी तळण करत नाहीत, म्हणून तुम्ही सगळ्यांनी करंज्यांचे डबे पाठवलेत. एकीचं सारण खवट. एकीच्या करंज्या दगडासारख्या. आणि रूथबाई, तुमच्यात साखर होती की नाही, देवच जाणे!"

हशा पिकला. तो ओसरल्यावर त्या हळू म्हणाल्या, "पण रिकामा डबा परत केलेला आमच्या यांना कधी चालायचा नाही. म्हणून काल मी कढई चढवली. तळता तळता ध्यानात आलं, मी गाणं म्हणतेय. त्याबद्दल देवाचे आभार. तुमचे नाहीत."

उपासनेनंतर त्यांनी भरलेले डबे ज्याचे त्याला दिले. पिवळ्या झाकणाचा एक उरला. तो घेऊन त्या घरोघर विचारत, प्रत्येकीच्या चहाला नावं ठेवत निघाल्या. दिवेलागण झाली तरी डब्याचा धनी सापडला नव्हता, आणि सालोमीबाईही घरी परतल्या नव्हत्या.