लिंबाची फोड

आईने घसा फोडून हाका माराव्यात आणि चाळिशीला आलेल्या घोड्याने पाण्याच्या पेटीसमोरून हलू नये, ही कुठली रीत? मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये भानुमतीबाईंची रोज हीच तक्रार असायची.

हेरंबने खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये जिवंत पोवळी वाढवली होती, आणि त्यांना कीड लागली होती. झालरीच्या तोंडाची, बोटाएवढी, काचेसारखी पारदर्शक कीड दगडाला चिकटून पोवळ्यांना डंख मारायची. हेरंब सिरिंजने तिच्या तोंडात लिंबाचा रस सोडायचा. रस लागताच ती अंग चोरून दगडाच्या भोकात शिरायची.

"माझी लोणच्याची लिंबं किड्यांच्या घशात!" बाई करवादायच्या.

या आठवड्यात मात्र सिरिंज कोरडीच पडून होती. बाईंची नुसती सावली पडली तरी कीड मिटायची. हेरंबने पाण्यात हात घातला, की सगळी उमलून त्याच्याकडे वळायची.

"येतो ना आई, बस दोन मिनिटं," मागे वळून न बघता तो म्हणायचा.

आज तो चौथ्या हाकेला पानावर आला. बाईंनी वरणभात वाढला, तूप सोडलं आणि सवयीने वर लिंबाची फोड पिळली.

एक थेंब त्याच्या मनगटावर उडाला.

हेरंबची बोटं तळव्यात मिटली. मान खांद्यांत गेली, खांदे छातीत. काही आवाज न करता तो खुर्चीच्या पाठीला चिकटून बसला. त्याच क्षणी पलीकडे टँकमधली सगळी कीड मिटली.

बाईंनी हातातली फोड तशीच घट्ट धरली.

"पोटच्या पोराला ओळखते मी," त्या म्हणाल्या. "माझा हेरंब भातावर दोन फोडी पिळून घ्यायचा. तू तो नव्हेस."