घोरतो का?

"आता ‘रुसतो का’ असाही एक रकाना टाक," मावशी म्हणाली आणि भाचीने कपाळाला हात लावला.

बेवारस कुत्र्यांचा आश्रम मावशीचा, कॉम्प्युटर भाचीचा. जुन्या प्रोग्रॅममध्ये वय, जात आणि रंग एवढंच भरता यायचं, आणि या तिन्हींत म्हातारा टोण्या सपशेल नापास. कुत्रा न्यायला येणारे यादीवरूनच त्याला वगळायचे. मावशीचा जीव तुटायचा. म्हणून भाचीने महिनाभर डोकेफोड करून नवा प्रोग्रॅम लिहिला होता. आपण फक्त रकान्याचं नाव टाइप करायचं. माहितीचा साचा प्रोग्रॅम स्वतःच नव्याने बांधणार. कालपर्यंत दर नव्या रकान्याला तो मान टाकत होता. आज मात्र सुतासारखा सरळ चालला होता, आणि मावशीच्या उत्साहाला ऊत आला होता. चपला खातो का, पाहुण्यांच्या मांडीवर बसतो का, साबण दिसला की पळतो का... भाची हसून हसून बेजार. टोण्याला मात्र अजूनही कुणी विचारत नव्हतं.

तेवढ्यात एक तरुण आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट आणि चेहरा घामाघूम.

"घोरणारा कुत्रा आहे का हो तुमच्याकडे?"

हा रकाना मावशीलाही सुचला नव्हता. भाचीने टाइप केलं, ‘घोरतो का’, आणि कळ दाबली. स्क्रीन कोरी झाली. बोंबललं सगळं, असं तिला वाटलं. आणि मग प्रत्येक कुत्र्याच्या नावापुढे एक नवा चौकोन उमटला! तिने खुर्चीतच टुणकन उडी मारली. मावशी भराभर उत्तरं सांगू लागली. नाही, नाही, छे, नाही. टोण्यापाशी येताच तिचा आवाज चढला. "हो! अगं, भिंती हादरतात!"

शोध घेतल्यावर यादीत एकच नाव आलं.

टोण्या कोपऱ्यात गाढ झोपला होता. तरुण त्याच्याजवळ उकिडवा बसला. डोळे मिटून त्याने ते घोरणं ऐकलं आणि गवयाला द्यावी तशी मान डोलावून दाद दिली. "हाच!" मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने तिला काय करू नि काय नको असं झालं.

"पण घोरणाराच कशाला हवा तुम्हाला?" भाचीने विचारलं.

तरुण कानापर्यंत लाल झाला.

"परवा लग्न आहे माझं. माझं घोरणं कुणाच्या तरी नावावर खपवायला नको का!"