वाजणारी फरशी

"पाण्याने फुगते, ओरखडा उठला तर पॉलिश मारून जात नाही, आणि वर चाललं की टकटक वाजते." हेरंबने हॉलमधूनच लॅमिनेट फरशीचे दोष बायकोला ऐकवले. दुकानातून आणलेली नमुन्याची फळी त्याच्या पायाशी पडली होती.

स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता वैजयंतीने एकेक मुद्दा निकालात काढला. स्वयंपाकघर आणि बाथरूमसमोर टाइल्सच राहतील. बाकी ठिकाणी फडकं घट्ट पिळून पुसायचं. ओरखडे काय, माणसं राहतात तिथे उठायचेच. शिवाय जुनी फरशी फोडायला नको आणि थंडीत सासऱ्यांचे पाय गारठणार नाहीत.

"आणि आवाज?"

"त्यासाठीच तर घ्यायची."

मागच्या थंडीतली ती पहाट तिच्या मनातून जात नव्हती. सासरे, म्हणजे अण्णा, गुळगुळीत टाइल्सवर घसरून पडले होते आणि कुणाची झोपमोड नको म्हणून उजाडेपर्यंत तिथेच गप्प बसून राहिले होते. घरात कुणाला पत्ताही लागला नव्हता.

तेवढ्यात अण्णा खोलीतून बाहेर आले. वाटेतल्या फळीवर त्यांची काठी टेकली, तशी ती टक्कन वाजली.

"आले, अण्णा," म्हणत वैजयंती हात पुसत बाहेर आलीसुद्धा.

अण्णा गोंधळले. "मी कुठे हाक मारली?"

"तुम्ही कधी मारता?" ती म्हणाली आणि हेरंबकडे वळली. "दुकानात फोन कर."