अंगाला लागणं

सोळा वर्षांच्या ऊर्वीच्या अंगाला पाणीसुद्धा लागायचं. म्हणून डॉक्टरांनी तिचं काटकसरी आतडं काढलं आणि वाया नको म्हणून कामवाल्या सुंदराबाईंच्या हडकुळ्या लेकीला, शेवंताला बसवलं. दोन्ही घरांनी पेढे वाटले.

आज सुंदराबाईंच्या जागी शेवंता भांडी घासायला आली होती. चौथी पुरी संपवून ऊर्वीने पाचवी तिच्यापुढे धरली.

"तिला नको देऊस गं," आई म्हणाली. "अर्ध्या पोळीत भागतं तिचं आता. उगीच फुगेल."

"पण काकू, भूक लागते हो पहिल्यासारखीच."

"भूक कसली? नुसती खा-खा ती!"

हे वाक्य ऊर्वीला लहानपणापासून पाठ होतं. तिने मान खाली घातली आणि पाचवी पुरी स्वतःच खाल्ली.