महिपत मिस्त्रींची पाचर

"किती गो?" महिपत मिस्त्रींनी ओठ न हलवता विचारलं.

लॉरीच्या पोटाखाली गोणपाटावर बापलेक शेजारी शेजारी उताणे पडले होते. शकूच्या एका हातात कंदील होता, दुसऱ्या हातात शाळेतला पितळी कोनमापक. त्याच्या मध्यातून सोडलेला ओळंब्याचा दोरा डोलता डोलता थांबला. तिने वडिलांच्या कानाशी तोंड नेलं.

"सहा."

"सहा!" मिस्त्री गरजले. "गिअरपेटीला सहा, आसाला सहा! लिव्हून ठेव रे चांगू!"

चांगू ड्रायव्हरला लिहिता येत नव्हतं, हे अख्ख्या आवाराला ठाऊक होतं. तो बाहेरून हसला. "मिस्त्री, तुमच्या डोल्यांना दृष्ट लागंल एकांद्याची."

लॉरी मागच्या लढाईतली होती, चारी चाकांनी ओढणारी. उमरठच्या बाजूच्या जंगलातून लाकूड भरून ती दासगावच्या बंदरावर यायची. गिअरपेटीपासून मागच्या आसापर्यंत तिच्या पोटाखाली एक लोखंडी दांडा फिरे. दोन्ही टोकांचा कल सारखा नसला की सगळी गाडी थरथरू लागे, आणि उतारावर चांगूचे हात बधिर होत. कल जुळवायचा तो स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचर घालून. ही पाचर मिस्त्रींनी चार दिवस कानशीने घासली होती, दर थोड्या वेळाने अंगठ्याने चाचपत.

गाडीखालून निघताना त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. कुणाला त्यात वेगळं काही दिसलं नाही. दुपारी तांदळाच्या भाकरीबरोबर जवळ्याची चटणी त्यांनी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "पुढचा दांडा उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी शकू शाळेत शिकवायला निघाली, तर दत्तोपंतांच्या आवारातून घणाचे आवाज आले. ती आत वळली. लॉरीचा मागचा भाग जॅकवर चढवला होता. मिस्त्रींच्या जागी मुंबईच्या गराजमधून आणलेला भागोजी फिटर पाचरेवर घाव घालत होता. मालक दत्तोपंत छत्री टेकून बघत होते.

"काय करता हे?"

"पाचर काढतो, बाई." भागोजीने मान वर केली नाही. "राँग अँगल हाय. पुढं सहा, मागं नऊ. अशी लोड घेऊन गेली असती ना, तर शाफ्ट खलास! बुढ्ढ्याला दिसत नव्हतं का काय?"

"ए मुंबईवाल्या!" चांगू उसळला. "घारीची नजर होती त्यांची. तोंड सांभाल!"

"जाऊ दे रे," दत्तोपंत म्हणाले. "वय झालं होतं. शेवटच्या कामात चुकला माणूस. शकूबाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

चुकला. शकूने पुस्तकांची पिशवी भिंतीला टेकवली. चूक नव्हती हे सांगायचं, तर डोळ्यांचं सांगावं लागणार होतं. ते तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"दिसत नव्हतं," ती म्हणाली. "तीन वर्षं दिसत नव्हतं त्यांना. काम त्यांचं, आकडे मी वाचत होते."

चांगूचं तोंड उघडंच राहिलं. दत्तोपंतांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे आमची लॉरी तीन वर्षं एका मास्तरीणबाईच्या—"

"तीन वर्षांत दांडा कितीदा तुटला?"

दत्तोपंतांनी चांगूकडे पाहिलं, त्याने नकारार्थी मान हलवली. शकू फिटरकडे वळली.

"भागोजी, गाडी चाकांवर उतरवा. उचललेल्या गाडीचा आस खाली लोंबतो. त्याचा कल मोजून काय उपयोग? घाटात काय जॅकवर चालवणार आहात?"

चांगूला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दाबलं. भागोजीने घण खाली ठेवला. "बाई, ये लेडीज लोकांचं काम नाय. साडी खराब होईल."

"धुता येते. उतरवा."

भागोजीने मालकांकडे पाहिलं. मालकांनी छत्रीच्या टोकाने खाली खूण केली. चाकं जमिनीला लागली, लॉरी आपल्या वजनाने बसली. भागोजीने हलवलेली पाचर चांगूने दोन ठोके मारून पुन्हा जागच्या जागी नेली आणि काही न विचारता कंदील पेटवून दिला.

शकूने पदर खोचला. कोनमापक अजून पिशवीतच होता, ओळंब्याच्या दोऱ्यासकट. इतके दिवस ती कंदील धरायला म्हणून आत जात असे. आज तसं काही सांगण्यासारखं नव्हतं. सगळ्यांच्या देखत ती गाडीखाली शिरली आणि शेजारी एका माणसाची जागा सोडून गोणपाटावर उताणी झाली.

आधी गिअरपेटी. दोरा थांबला.

"सहा," तिच्या तोंडून सवयीने पुटपुटल्यासारखं निघालं.

"काय ते?" बाहेरून भागोजी. "ऐकू नाय आलं!"

ती मागे सरकली. कोनमापकाची कड आसाच्या तोंडाला लावली. दोरा पितळेवर हलला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला. बाहेर तीन जोडी पाय गाडीच्या जवळ आले होते. दोरा थांबला. तिने कंदील जवळ घेऊन पुन्हा एकदा पाहिलं.

मग शेजारच्या मोकळ्या गोणपाटाकडे मान वळवून ती आवारभर ऐकू जाईल अशी ओरडली,

"सहा, आबा! सहाच!"